बुधाची फेरमोजणी

खिल्लारे साहेबांना कुठलीही जागा दिसली की आधी ती किती गुंठे आहे हे दिसायचं, मग बाकीचं. देवळासमोरचं पटांगण, बसस्टँड, लग्नाचा मंडप, कुणाचं तरी नवं घर. नजर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात एकदा गेली की आकडा तयार. औंढ्याला माझा कॉम्प्युटर क्लास आहे. तिथं ते पहिल्यांदा आले तेव्हा दारातच थांबले, चपला काढल्या, खोलीभर डोळे फिरवले आणि म्हणाले, "जयभीम म्याडम. पाव गुंठ्याला थोडी कमी हाय. पण हवा चांगली खेळून राहिली." मी प्रवेशाचा अर्ज पुढे केला. जन्मतारखेच्या रकान्यावरून हिशोब केला तर विद्यार्थ्याचं वय निघालं चौसष्ट.

सरकारी मोजणी खात्यात त्यांची तेहेतीस वर्षं गेली होती. शेत मोजायचं, नकाशाशी ताडून बघायचं आणि हद्दीचा दगड कुठं येतो ते दाखवायचं, हे काम. म्हणजे ज्या कामात दोघांपैकी एक जण हमखास नाराज होतो, ते काम. शिरड शहापूरला त्यांचं घर. तिथून एसटीनं क्लासला यायचे आणि स्टँडपासून माझ्या दारापर्यंत पावलं मोजत चालायचे. एकदा स्टँडवरच्या हॉटेलात चहा घेऊन आले, तर दारात उभं राहून आधी एकोणीस पावलं वजा केली आणि मगच आत आले.

त्यांच्या घरी गेले तेव्हा काकूंनी, म्हणजे शांताबाईंनी, मला त्यांच्या लग्नाची गोष्ट सांगितली. "मला पाहायला आले न, तवा माझ्याकडं कमी अन् अंगणाकडं जास्त पाहून राहिले होते. घरी जाऊन सांगितलं म्हणं, पोरगी चांगली हाय, अंगण पावणेदोन गुंठे हाय." साहेब शेजारी बसून चहा फुंकत होते. ते शांतपणे म्हणाले, "पावणेदोनच निघालं. मंग मोजलं मी." कधी मोजलं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

कॉम्प्युटर शिकायचं कारण असं की खात्यात नव्या पोरांनी मशीन लावून जमिनी मोजायला सुरुवात केली होती. पोरगा तिपाईवर मशीन ठेवतो, बटण दाबतो आणि हद्द सांगून मोकळा होतो. मोजणीची साखळी ओढता ओढता ज्यांचे तळवे सोलून निघाले, त्या साहेबांना हे जरा लागलं होतं. "मशीन खोटं बोलते असं मी म्हणून न्हाई राहिलो," ते म्हणाले, "पण तिच्या पोटात काय चालते ते तर पाहावं लागंल. बराबर?" त्यांच्या दर दोन वाक्यांनंतर हे 'बराबर?' यायचं आणि समोरच्यानं मान हलवेपर्यंत तिसरं वाक्य यायचं नाही.

माझ्या क्लासची बाकीची मंडळी सतरा-अठरा वर्षांची. त्यांच्यात साहेब पांढऱ्या शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावून पहिल्या बाकावर. माउस त्यांना आठ दिवस जमला नाही. टेबल संपलं की माउस उचलून पुन्हा अलीकडे ठेवायचा असतो, हे कळेपर्यंत ते खुर्चीच मागे सरकवायचे. पण जमल्यावर असा जमला की पोरं त्यांच्याकडं रेघा मारून घ्यायला जाऊ लागली.

एका शनिवारी धडा लवकर आटोपला म्हणून मी पोरांना एक प्रोग्राम लावून दिला. मधे सूर्य, बाजूला एक ग्रह, ग्रहाला चिकटलेला एक बाण. बाण लांब केला की ग्रहाची चाल वाढते, आखूड केला की कमी होते. मग बटण दाबायचं आणि ग्रह कसा जातो ते बघत बसायचं, मागे रेघ उमटत जाते. पोरांनी दोनचार ग्रह सूर्यात पाडले, टाळ्या पिटल्या आणि घरी गेली. साहेब बसून राहिले.

त्यांनी बाण थोडासा वाढवला. वर्तुळ आलं. अजून वाढवला. वर्तुळ एका बाजूनं ताणलं गेलं. अजून वाढवला तर भलतंच लांबुळकं झालं, ग्रह दूर गेला, रेंगाळला, आणि मग घाईघाईनं परत आला. शेवटी त्यांनी बाण पार कडेपर्यंत ओढला आणि ग्रह पडद्याबाहेर निघून गेला. साहेब वाकून पडद्याच्या मागे बघू लागले.

"परत येतो का हो म्याडम?"

"नाही साहेब. एवढी चाल असली की गेला तो गेला."

"मंग ह्याला सातबारा न्हाई," असं म्हणून त्यांनी तो ग्रह पुसून टाकला.

त्या दिवसापासून साहेबांनी पत्र टाइप करणं सोडलं. एसटीतून उतरून आले की थेट ग्रह. कोणत्या बाणाला कोणता आकार येतो, ते वहीत उतरवून ठेवायचे. मी एकदा या लांबट आकाराला अंडाकृती म्हणाले, तर त्यांनी चष्मा कपाळावर घेतला. "अंड्याचं एक टोक निमुळतं असते. हे दोन्हीकडून सारखं हाय." खरंच होतं. बीएस्सी मी झालेले, आणि हे मला कधी दिसलं नव्हतं. पुढचा प्रश्न त्याहून अवघड होता. "सूर्य मालक, बराबर? मंग मालक मधात काहून न्हाई? एका अंगाला सरकून काहून बसला?"

मी पुस्तकं काढली. पुन्हा वाचावी लागली, हे कबूल करते. मग त्यांना समजावलं की ओढणारा असा एका अंगालाच असतो, आणि म्हणून ग्रह जवळ आला की पळतो, लांब गेला की रमतो. पण त्यात एक नेम आहे. सूर्यापासून ग्रहापर्यंत दोरी ताणली आहे असं धरलं, तर ती दोरी सारख्या दिवसांत सारखंच क्षेत्र झाडून काढते. जवळ असताना आखूड आणि रुंद तुकडा, लांब असताना लांब आणि अरुंद तुकडा, पण क्षेत्रफळ तेच.

साहेब उठले. पाणी प्याले. परत आले, बसले.

"म्हंजे वाटणी," ते म्हणाले.

"काय?"

"अवो, वाटणी बराबर केलेली हाय! एकाला नाल्याकडचं लांब, एकाला घराकडचं रुंद, पण गुंठे सारखे." त्यांचा आवाज चढला होता, बाहेरून एक पोरगी डोकावून गेली. "म्याडम, तेहेतीस वर्षं भावाभावाच्या वाटण्या मोजल्या मी. एका भावाला कधी वाटलं न्हाई की आपलं बराबर आलं म्हणून. माझं मोजमाप बराबर असलं तरी न्हाई. आमच्या गावातले गणपतराव तर, त्यांचा बांध मोजला त्याला वीस वर्षं झाले, अजून मी दिसलो की बांधाचं काढतात. पंचनाम्यावर सही न्हाई केली त्यांनी, अजूनबी न्हाई केली." मग जरा थांबून म्हणाले, "एक तरी वाटणी अशी दाखवायची गावाला, की कोणी वाकडं बोलणार न्हाई."

साहेबांना हेच हवं होतं, गावातल्या मैदानावर ग्रहाची वाट आखून अशी वाटणी सगळ्यांना दाखवायची. बाकी ग्रहतारे नंतर.

पण तयार प्रोग्रामवर त्यांचा भरवसा नव्हता. "हे दुसऱ्यानं मोजलेलं हाय. मी सही कशी करू?" म्हणून मी त्यांना कॉम्प्युटरवरच्या रकान्यांच्या तक्त्यात गणित मांडायला शिकवलं. त्यांनी ग्रह निवडला बुध, कारण त्याचा सूर्य चांगलाच सरकलेला आहे आणि त्याचं वर्ष अठ्ठ्याऐंशी दिवसांचं. आठ दिवसांचा एक वाटा धरला तर बरोबर अकरा वाटे पडतात. "अकरा आठवडी बाजार," साहेब खूश होऊन म्हणाले. रकान्यांना नावं त्यांनीच दिली: जागा, चाल, ओढ. दर अर्ध्या तासाची एक ओळ. पहिल्या ओळीत बुध कुठं आहे आणि किती चालीनं आहे ते लिहायचं, पुढची ओळ सूत्र काढणार. जुनी जागा अधिक जुनी चाल म्हणजे नवी जागा. जुनी चाल अधिक ओढ म्हणजे नवी चाल. सूत्र मी सांगितलं. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं त्याला महत्त्व आहे. चार हजारांवर ओळी खाली खाली उतरत गेल्या आणि बाजूच्या आलेखात बुध सूर्याभोवती फिरला.

फिरला, पण मिटला नाही. अठ्ठ्याऐंशी दिवसांनी जिथून निघाला तिथं यायला हवा होता, तो थोडा मागं आणि थोडा बाहेर येऊन थांबला. मैदानावर जेवढा आखायचा होता त्या मापानं फट निघाली साडेपाच फूट.

साहेबांना यात विशेष काही वाटलं नाही. शेताला वळसा घालून मोजत परत पहिल्या दगडाशी आलं की थोडी फट राहतेच. साखळी थोडी ताणते, थोडी ढिली पडते. चूक सगळ्या वाटेवर सारखी झालेली असते, तर ती सगळ्या दगडांना थोडी थोडी वाटून द्यायची आणि नकाशा मिटवायचा, म्हणजे रेघेची दोन टोकं जुळवायची, हा त्यांच्या कामातला रिवाजच आहे. "बुध तर परत जाग्यावर येतोच. म्हंजे फट आपली. वाटून देऊ. बराबर?" मी मान हलवली. मला पटलं होतं. पटलं होतं म्हणजे, माझी घरी जायची वेळ झाली होती. त्यांनी एवढंच म्हटलं की खात्यात एवढी मोठी फट चालवून घेत नाहीत. आणि मग ती वाटून दिली.

साहेबांच्या गावातल्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका शिंदे बाई उत्साही. त्यांनी मैदान दिलं, दिवस ठरवला, तालुक्याहून शिक्षणाच्या साहेबांना बोलावलं. इकडे खिल्लारे साहेबांनी रीतसर नोटीस काढली. मोजणी असली की शेजारच्या सगळ्या शेतवाल्यांना आधी नोटीस द्यावी लागते, ती सवय. शाळेच्या दारावर कागद चिकटला: मौजे शिरड शहापूर येथील शाळेच्या मैदानात बुध याच्या वहिवाटीची मोजणी होणार असून धारक सूर्य व लगतधारक शुक्र यांनी वेळेवर हजर राहावे, न राहिल्यास त्यांच्या गैरहजेरीत मोजणी करण्यात येईल. गावात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. पारावर कुणी तरी विचारलं म्हणे, शुक्राला वकील लावायचा का.

त्या दिवशी मैदान भरलं होतं. मधल्या जागेपासून जरा सरकून सूर्याचा दगड, शेंदरी रंगवलेला. भोवती चुन्याची रेघ आणि रेघेवर अकरा दगड. लांबून बघितलं तर गोलच. गणपतराव पहिल्या रांगेत, हातात काठी, डोक्याला रुमाल, आणि पहिलं वाक्य त्यांचंच. "मोजणीदार, सूर्य तुमचा सरकला की हो! माझ्या बांधासारखा!" लोक हसले. साहेबही हसले. "तो तिथंच राहते गणपतराव. मी न्हाई सरकवला."

मग मुलींनी चालून दाखवलं. एका बाजूला टाळ्यांचा ठेका, सोळा टाळ्यांत एका दगडावरून दुसऱ्या दगडावर पोचायचं. सूर्याजवळच्या मुलींना पळावं लागलं, लांबच्या अंगाच्या मुली मैत्रिणीच्या घरी निघाल्यासारख्या चालल्या. काकू माझ्या शेजारी बसल्या होत्या. "जवळच्यालाच तकलीफ जास्त," त्या हळूच म्हणाल्या, "मला इचारा."

सगळं छान चाललं होतं. साहेबांनी जाहीर केलं की आता तीन वाटे सगळ्यांसमोर फितीनं मोजायचे, कुणीही पुढं यावं. हे त्यांनी स्वतःहून ठेवलं होतं. आदल्या दिवशी दगड लावले तेव्हा अंधार पडत आला होता, वाट्यांची क्षेत्रं मोजायची राहून गेली होती, आणि मोजली तरी बरोबरच येणार याची त्यांना खात्री होती. सूर्याजवळचा वाटा मोजला. आकडा फळ्यावर गेला. त्याच्या शेजारचा मोजला, तोही जवळपास तेवढाच. तिसरा मोजला लांबच्या अंगाचा. तीस चौरस फूट कमी.

साहेबांनी पुन्हा मोजायला लावला. पुन्हा तेवढाच.

तालुक्याचे साहेब मोठ्या मनाचे. ते म्हणाले, "अहो, एवढ्या मोठ्या मैदानात तीस फूट म्हणजे काहीच नाही. मुलांना कल्पना आली, झालं." शिंदे बाईंनी टाळ्यांसाठी हात उचललेच होते. पुढच्या रांगेतून गणपतराव म्हणाले, "काहीच न्हाई कसं? एक खाट अन् दोन घागरी ठेवायची जागा हाय ती!" या वेळी लोक आणखी मोठ्यानं हसले.

खिल्लारे साहेब फळ्यापाशी उभे होते. खडू हातात होता. त्यांनी तिन्ही आकड्यांवर एक आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "मोजणी रद्द."

कुणाला काही कळेना. "गणपतराव बराबर बोलून राहिले," साहेब म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, फक्त जरा सावकाश. "फट होती. साडेपाच फूट. ती मी सगळ्या दगडांना वाटून दिली अन् रेघ मिटवली. एवढी फट वाटून द्यायची नसते, मला मालूम होतं. बुधाची काही चूक न्हाई. मशीनचीबी न्हाई. चूक माझी."

मी तिसऱ्या रांगेत बसले होते. सूत्र माझं होतं. उभं राहून ते सांगायला एक मिनिट पुरलं असतं. मी उभी राहिले नाही. माझे विद्यार्थी होते, त्यांचे आईबाप होते, तालुक्याचे साहेब होते. त्या एका मिनिटाची मला आजही लाज वाटते. साहेबांनी माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. मी सापडू नये म्हणूनच बघितलं नाही, हे मला पुढं कळलं.

पंधरा दिवस ते क्लासला आले नाहीत. गावात ते 'मोजणी रद्द' पार घासून गुळगुळीत झालं. चहा सांडला तरी पोरं म्हणायची, मोजणी रद्द. शेवटी मीच शिरडला गेले. मनात ठरवलं होतं, सूत्राचं आधी बोलायचं.

अंगणात पोचले तर वेगळाच प्रकार. मधे पाटावर काकू बसलेल्या, हातात दोरीचं एक टोक. दुसरं टोक साहेबांच्या कमरेला. साहेब एक पाऊल टाकत होते, थांबत होते, काकू दोरीला हिसका देत होत्या, साहेब वळत होते, पुन्हा पाऊल.

"या म्याडम," काकू म्हणाल्या. "चार दिवस झाले, रोज सकाळी मी सूर्य. भाकरी करायच्या राहून राहिल्या माझ्या."

मी म्हटलं, "साहेब, ते सूत्र मी..."

"थांबा थांबा," साहेब म्हणाले. "हे पाहा. मी पाऊल टाकतो, बराबर? मंग ही ओढते. तवर मी पुढं गेलेलो असतो. ही ओढते ती जुन्या जाग्याची ओढ, अन् मी चालतो ती जुनी चाल. दर पावलाला थोडा थोडा बाहेर पडून राहिलो. पाहा, खुणा केल्यात." अंगणात राखेच्या टिपक्या होत्या. खरंच, दर फेऱ्याला बाहेर बाहेर जात होत्या.

"अन् मी काय म्हणलं ते सांगा की त्यांना," काकू म्हणाल्या.

साहेब जरा ओशाळले. "ही म्हणली..."

"मी म्हणलं, आधी ओढू तर द्या मला, मंग चाला! बायकोचं आधी ऐकावं, मंग पाय उचलावा. हे सांगून राहिले लग्न झाल्यापासून, पण घरातलं कोण ऐकते?"

त्याच दुपारी आम्ही औंढ्याला आलो. तक्ता उघडला. बदल एका रकान्याचा होता. आधी ओढीनं चाल बदलायची, आणि जागा काढताना जुनी चाल न घेता ही नवी चाल घ्यायची. साहेबांनी स्वतः टाइप केलं, दोन बोटांनी, आणि चार हजार ओळी खाली ओढल्या. बुध फिरला आणि जिथून निघाला होता तिथंच येऊन थांबला, फट शोधायला आलेख कितीही मोठा केला तरी दिसेना. साहेबांचं तिकडं लक्षच नव्हतं. त्यांनी क्षेत्राचा एक नवा रकाना जोडला होता, दर अर्ध्या तासाला झाडलेलं क्षेत्र. पहिल्या ओळीत एक आकडा. दुसऱ्या ओळीत तोच. तिसऱ्या ओळीत तोच. ते खाली खाली जात राहिले, हजाराव्या ओळीत तोच, तीन हजाराव्या ओळीत तोच, दशांशचिन्हाच्या पुढची सगळी घरं तीच.

"एकाचीबी तक्रार न्हाई," ते म्हणाले, आणि चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत बसले. बराच वेळ पुसत होते. मला इतका आनंद झाला होता की मी सूत्राचं बोलायचं पुन्हा विसरले. ते त्यांच्या लक्षात असावं. निघताना दारात म्हणाले, "तुमच्या सूत्राचं मी कोणाला बोललो न्हाई. तुमच्याकडं लेकरं शिकायला येतात. मोजणी ज्याच्या सहीची, चूक त्याची. असंच असते." मी त्यांना नमस्कार केला. त्यांनी तो घेतला न घेतल्यासारखा केला आणि पावलं मोजत स्टँडकडं निघाले.

दुसरी नोटीस लागली, फेरमोजणीची. या वेळी मात्र मैदान भरलं नाही. तालुक्याहून कुणी आलं नाही. शिंदे बाई होत्या, दहाबारा मुली होत्या, काकू होत्या, मी होते. नोटिशीत दिलेली वेळ टळून गेली आणि मग काठी टेकत गणपतराव आले. "लगतधारक नसलो तरी चालते ना?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता फितीचं टोक स्वतःच्या हातात घेतलं.

शिंदे बाईंना तीनच वाटे मोजायचे होते. गणपतरावांनी अकराच्या अकरा मोजायला लावले. ऊन चढलं. फीत कुठं ढिली पडते का, दगड कुठं सरकतो का, सगळं त्यांनी वाकून वाकून पाहिलं. आकडे फळ्यावर गेले. एका ओळीत अकरा आकडे, आणि त्यांच्यात फरक निघाला तो ताटभर जागेचा. गणपतराव फळ्यासमोर उभे राहून ते वाचत होते, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. काठी त्यांनी काखेत धरली होती.

मग त्यांचं लक्ष रेघेकडं गेलं. चुन्याची रेघ सगळी फिरून पहिल्या दगडाशी आली होती, पण दगडाला लागली नव्हती. कॉम्प्युटरवर बुध केसाइतकाही चुकला नव्हता. इथं मैदानात दगड लावता लावता, फीत ओढता ओढता चार बोटांची फट राहिली होती.

गणपतरावांनी इकडं तिकडं पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाले, "मोजणीदार, मूठभर चुना टाका अन् मिटवा. कोणाला दिसते?"

त्यानंतर चार महिन्यांनी साहेब गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही, असं काकू म्हणाल्या. त्यांच्या जाण्यानं माझ्या क्लासचा पहिला बाक अजून मला मोकळाच वाटतो, तिथं कुणी बसलेलं असलं तरी. मधल्या काळात त्यांचं क्लासला येणं थांबलं होतं आणि मी परीक्षांच्या गडबडीत होते, शिरडला जाणं झालं नाही. त्यामुळं मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी, मैदानात. पँट गुडघ्यापर्यंत चुन्यानं पांढरी, खिशाला दोन पेनं, समोर ती चार बोटांची फट.

"नको गणपतराव," साहेब म्हणाले. "ग्रह बराबर आलाय. हे चार बोटं माझे हायत. राहू द्या."

गणपतराव त्यांच्याकडं बघत राहिले. मग काखेतली काठी एका मुलीच्या हातात दिली, साहेबांच्या खिशातलं एक पेन आपणच काढून घेतलं आणि म्हणाले, "आणा तो आजचा पंचनामा."

कागद सूर्याच्या दगडावर ठेवून, खाली उकिडवं बसून त्यांनी सावकाश सही केली. सहीवर एक शब्द लिहिला, 'मान्य'. उठले, पेन परत खिशात लावलं, बोट नाचवून म्हणाले, "ही मान्य हाय. बांधाची न्हाई," आणि निघाले.

साहेब तो कागद दोन्ही हातांत धरून वाचत उभे होते, आणि काकू लांबून ओरडत होत्या की उन्हात उभे काहून राहिले, सावलीत या. ते आले नाहीत.